पाण्याखालची कणीक

भागीरथाबाई सिरसाट तव्याकडे पाठ करून पोळी भाजतात. हात वांगी चिरत असतात, नजर खिडकीबाहेर असते, आणि मध्येच कुणी हाक मारल्यासारखा एक हात मागे जातो आणि पोळी उलटते. त्यांच्या हातची करपलेली पोळी आमच्या कॉलनीत कुणी पाहिलेली नाही. न बघता कसं कळतं हो, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "बोलते ना ते."

मला ती नुसती बोलायची तऱ्हा वाटली होती. २०२० च्या उन्हाळ्यात कळलं की त्या खरं तेच सांगत होत्या.

त्यांचं माहेर बार्शीटाकळीचं. आई लग्नाघरी मांडे करायला जायची. उलट्या खापरावर टाकलेला, धुतल्या धोतरासारखा पातळ मांडा, आणि त्यातून पलीकडचं माणूस दिसायला हवं अशी तिची अट. लग्न होऊन भागीरथाबाई अकोल्याला आल्या. नवरा गवंडीकाम करायचा. मुलगी रागिणी चौथीत असताना तो गेला. मग नाल्यापलीकडच्या वस्तीतून रोज सकाळी साडेसहाला चालत निघायचं आणि आमच्या कॉलनीतल्या पाच घरच्या पोळ्या करून एकच्या आत परतायचं. या पोळ्यांवर रागिणी बारावीपर्यंत आली.

पाचांतलं शेवटचं घर ताथोडांचं, आमच्या शेजारचं. त्यांची आणि आमची स्वयंपाकघराची खिडकी समोरासमोर आहे. मध्ये एवढंच अंतर की हात लांबवून वाटीभर साखर देता येते. म्हणून या गोष्टीची एक बाजू मी ऐकलेली आहे. दुसरी पुढे भागीरथाबाईंनी स्वतः सांगितली, आमच्या ओट्याला टेकून, काहीही न झाकता.

देवराव ताथोड हे भूमिअभिलेख खात्यातले निवृत्त निमतानदार, म्हणजे शेतं मोजणारे साहेब. अर्ध्या जिल्ह्याच्या धुऱ्यांची, बांधांची भांडणं त्यांनी साखळी टाकून मिटवली असतील, पण अडुसष्टाव्या वर्षापर्यंत घरचा गॅस पेटवलेला नव्हता. बायको, माया काकू, दोन वर्षांपूर्वी अर्धांगानं पडल्या. उजवी बाजू गेली, मोजके शब्द उरले, आणि गिळणं अवघड झालं. भाताची शितं एकदा अशी अडकली की दवाखाना गाठावा लागला, तेव्हापासून भात बंद. सुखानं घशाखाली उतरायची ती एकच गोष्ट, वरणात कुस्करलेली भागीरथाबाईंची पोळी. ती इतकी मऊ असायची की कुस्करावी लागायचीच नाही, वरण दिसलं की आपणहून विरघळायची.

लॉकडाऊन लागला आणि कॉलनीच्या फाटकाला कुलूप पडलं. बाहेरच्या कुणाला आत सोडायचं नाही, असं ठरलं. काही दिवसांनी भागीरथाबाईंच्या वस्तीत पेशंट निघाला, आणि त्यांच्या गल्लीच्या तोंडाला पोलिसांनी बल्ल्या बांधल्या. ताथोडांचा मुलगा अंकुर बंगळुरात अडकलेला. आम्ही आमच्या घरच्या पोळ्या पाठवून पाहिल्या. माया काकूंनी पहिला घास गालात धरून ठेवला आणि दहा मिनिटांनी तो तसाच बाहेर आला. माझ्या आईनं त्या दिवशी तीनदा कणीक मळली. उपयोग झाला नाही.

मग साहेबांनी भागीरथाबाईंना फोन लावला. भागीरथाबाईंच्या घरात तेव्हा एकच फोन होता, बटणांचा. चित्र नाही, फक्त आवाज. साहेबांनी आपला फोन खिडकीच्या कठड्यावर, मोठ्या आवाजावर ठेवला. अशी शाळा सुरू झाली, आणि तिची तिकिटं न काढता आम्हाला पहिल्या रांगेत जागा मिळाली.

पहिले तीन दिवस पोळी फाटत होती. साहेब लाटायला लागले की ती कडेनं चिरत जायची, उन्हाळ्यातल्या आपल्या काळ्या जमिनीसारखी. पाणी वाढवलं, कमी केलं, तेल घातलं. तिसऱ्या दिवशी भागीरथाबाई म्हणाल्या, "साहेब, कनिक परातीत आपटा बरं एकडाव."

"आपटू?"

"जोरानं. मले आयकू द्या."

थप्.

"अजून."

थप्.

मग पलीकडून, "साहेब, हे गहू नोय. हे ज्वारी होय."

"शक्यच नाही. तिसरा डबा म्हणालात तुम्ही. मी नकाशा काढलाय."

"कुठून तिसरा?"

"उत्तरेकडून."

"मी दाराकडून सांगतला होता. सैपाकघरात उत्तर कोन पायते, साहेब?"

आमच्याकडे आईनं तोंडात पदर कोंबला. पण हसू ताथोडांच्या आतल्या खोलीतूनही आलं, अर्धवट, घशात खरखरणारं. दोन वर्षांत माया काकूंचं हसू आम्ही ऐकलं नव्हतं. साहेबांनी बहुतेक तिकडे वळून पाहिलं असावं. मग त्यांनी विचारलं की या ज्वारीच्या गोळ्याचं आता काय करायचं. त्याच्या भाकरी थापून दिवसभर खा, असं उत्तर आलं. भाकरी त्यांना कुठे थापता येत होती? त्यांनी ते पिठलं समजून शिजवलं आणि खाल्लंही. आपली चूक टाकून द्यायची नाही, हा त्यांचा नोकरीतलाच शिरस्ता.

गव्हाचा डबा सापडल्यावर मात्र गाडी रुळावर आली. भागीरथाबाई कानानं शिकवत. लाटणं पोळपाटावर टकटक करायला लागलं की म्हणत, कडेला पोचलात, आता मधे या. तव्यावर पोळी पडल्याचा आवाज ऐकून तवा तापला की नाही ते सांगत. फुगून वाफ सुटायच्या आधी एक बारीक सुस्कारा येतो, तो ओळखायला साहेबांना पाच दिवस लागले. साहेबांनी एकदा पट्टी लावून पोळीचा व्यास मोजला आणि सहा इंच भरल्याचं अभिमानानं कळवलं. त्यावर उत्तर आलं की पोळीवर कुणाची वारसनोंद करायची नाही, तर ती उचला आता, जळून राहिली.

इथपर्यंत सगळी गंमत होती.

त्याच आठवड्यात भागीरथाबाईंना दोन फोन आले. दोन्ही कॉलनीतून, दोन्ही त्यांच्या कामाच्या घरांचे. पहिल्या घरच्या बाई फार गोड बोलल्या. आता आम्ही सगळे मिळून करतो, मिस्टर कणीक मळतात, मुलगी लाटते, इतकी मजा येते म्हणून सांगू, तुम्ही तुमची काळजी घ्या, पुढचं पुढं पाहू. दुसऱ्या घरच्यांनी तेच थोडक्यात सांगितलं. आमच्या कॉलनीला त्या महिन्यात स्वयंपाकाचं वेडच लागलं होतं. जिथे पाव विकत यायचा तिथे पाव भाजले जात होते, जे पुरुष पाणी मागून घ्यायचे ते भरीत करून फोटो टाकत होते. नाल्यापलीकडून त्याचा अर्थ वेगळा दिसत होता. पाच घरांतली दोन गेली, हे भागीरथाबाईंना 'पुढचं पुढं' या दोन शब्दांत कळलं.

रागिणी बारावीचे पेपर देऊन घरी बसली होती. आईचा फोनवरचा वर्ग तिच्या कानावर रोज पडायचा. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "माय, तू हे काय करून राहिली?"

"सायबाले पोया शिकवून राहिलो."

"शिकव. समदं शिकव. मंग तुले कोन बलावन?"

भागीरथाबाई चुलीकडे वळल्या. पण ते वाक्य त्यांच्या डोक्यातून हललं नाही.

आता त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, त्यांनी 'एक गोठ मुठीत ठेवली'. कणीक मळून झाली की त्या तिचा उंडा, म्हणजे गोळा, करून गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, पाण्याखाली बुडवून ठेवत. अर्धा तास. तेवढ्यात भाजी चिरून व्हायची. मग तो उंडा काढून, तेलाचा हात घेऊन पुन्हा मळायचा, ओढायचा, आपटायचा. मांड्याची कणीक अशीच करतात आणि त्यांच्या आईनं त्यांना तेच शिकवलं होतं. माया काकूंची पोळी तशी व्हायची ती त्या पाण्यामुळे. साहेब सकाळी त्या वेळी पेपर वाचत बसायचे, त्यांनी ते कधी पाहिलेलंच नव्हतं. बाकी मळणं, लाटणं, भाजणं सगळं द्यायचं, एवढं मात्र आपल्यापाशी राहू द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. फाटक उघडलं की साहेबांना आपली गरज उरली पाहिजे.

एप्रिल सरत आला. अकोल्याचा पारा चव्वेचाळिसावर. साहेबांची पोळी आता गोल होत होती, फुगत होती, तव्यावरून उतरताना चांगली दिसत होती, आणि दुपारी दोनपर्यंत चामडं होत होती. माया काकू सावकाश जेवत, एका जेवणाला तास लागे, आणि तेवढ्यात तुकडा घट्ट होऊन घशाला टोचे. साहेब तो दोष आपल्या हाताचा समजत होते. जास्त मळत होते, पहाटे उठून सराव करत होते. भागीरथाबाईही जमेल ते सुचवत होत्या. दुधात भिजवा, फडक्यात गुंडाळा, तेल वाढवा. आजूबाजूचं सगळं सांगायचं आणि मधलं तेवढं नाही.

रोज त्या विचारत, काकू जेवल्या का. साहेब घास सांगत. मोजायची सवय होती त्यांना. सोमवारी नऊ. मंगळवारी सहा. बुधवारी चार, आणि फोन सुरू असतानाच आतून ठसका आला. तो थांबेना. आम्ही आमच्या खिडकीत उभ्या राहिलो. साहेब फोन तसाच टाकून आत धावले. पाठीवर थोपटल्याचे आवाज, पाण्याचा ग्लास, मग ताट सरकवल्याचा आवाज. डाव्या हातानं. माया काकूंचा चालणारा तो एकच हात होता आणि त्यानं त्या ताट ढकलत होत्या.

भागीरथाबाईंनी हे सगळं कानानं ऐकलं. त्यांच्याइतकं कानानं ऐकणारं माणूस दुसरं नसेल.

साहेब परत आले तेव्हा त्यांचा श्वास लागला होता. उद्या अंकुरला सांगून कुठून तरी नळी लावायची सोय बघतो, असं काहीतरी ते म्हणायला लागले. भागीरथाबाईंनी मधेच तोडलं.

"साहेब, मी तुमाले एक गोठ सांगतली नाही."

"कोणती?"

"पोयीची. मी मुद्दाम नाही सांगतली."

साहेबांनी खूप हळू विचारलं, "काहून?"

साहेब एरवी पुस्तकी बोलत. हा शब्द त्यांच्या गावाकडचा, तोंडून निसटलेला.

"तुमाले जमलं तं माहं घर जाईन म्हनून."

मी खिडकीतून मागे सरकले. दुसऱ्याच्या घरातलं असं काही ऐकू नये. पण आवाज येतच राहिला. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच म्हटलं की तुम्ही बोलला नसता तर मला कधी कळलंही नसतं.

"मले कयत होतं ना," भागीरथाबाई म्हणाल्या. "गंज घ्या आता. उंडा बुडन इतका मोठा. त्यात पानी."

"पाण्यात? विरघळेल ना."

"नाही विरघयत. माह्या मायचं हाय हे. घाबरू नोका."

मुठीत धरलेलं दहा दिवस टिकलं, असं त्या आता सांगतात, आणि दहा म्हणताना दोन्ही हातांची बोटं दाखवतात. मला वाटतं, भलेपणा म्हणजे कधीच मूठ न झाकणं असतं तर तो सोपा असता. त्यांनी झाकली, का झाकली ते ओळखलं, आणि झाकल्याचं तोंडानं सांगून मग उघडली. पाण्याची युक्ती त्या काही न कबूल करता, आत्ताच आठवलं असं म्हणूनही देऊ शकल्या असत्या. मी तेच केलं असतं. साहेबांनी तर काम बंद असतानाचा महिन्याचा पगारही न मागता त्यांच्या बँकेत टाकला होता. त्यामुळे तर लाज आणखी वाढते आणि माणूस खोटं बोलायला सोकावतं.

अर्ध्या तासानं फोन पुन्हा लागला. उंडा पाण्यातून निघाला, तेल लागलं, साहेब मळायला लागले. भागीरथाबाई मोजत होत्या, वीस, चाळीस, अजून, अजून. मग म्हणाल्या, आपटा.

आला तो आवाज आम्ही याआधी फक्त त्यांच्या हातून ऐकला होता. जड, ओला, लेकराच्या पाठीवर थाप दिल्यासारखा.

"हं," त्या म्हणाल्या. "आता लाटा."

त्या दुपारी माया काकूंनी अकरा घास खाल्ले. साहेबांनी ते सांगायला फोन केला आणि आकडा सांगून झाल्यावर तोच पुन्हा पुन्हा सांगत राहिले. भागीरथाबाईंनी फोन कापला. बॅलन्स जाते ना उगाच, असं त्या म्हणतात.

जूनच्या शेवटी फाटक उघडलं. बल्ल्या निघाल्या. भागीरथाबाई पहिल्या दिवशी नेहमीच्याच वेळी आल्या, तोंडाला मास्क, हात सॅनिटायझरनं ओले. दोन घरं गेलेलीच होती. दोन घरी त्यांनी पोळ्या केल्या आणि शेवटी ताथोडांकडे आल्या. मी मुद्दाम खिडकीत नव्हते, पण भांडी घासायला बसायची जागा तिथेच असल्यामुळे होते.

डब्यांवर साहेबांच्या सरळ अक्षरात चिठ्ठ्या लागलेल्या होत्या. गंजात उंडा बुडालेला होता. साहेबांनी तो काढला, मळला, लाटला. भागीरथाबाई ओट्याला पाठ लावून उभ्या होत्या, बघत नव्हत्या, ऐकत होत्या. पोळी तव्यावर पडली. साहेबांनी ती बरोबर सुस्काऱ्याला उलटली.

साहेब फडक्याला हात पुसत राहिले, मग म्हणाले की आता मला सकाळी दुसरं काम काय असतं, आणि मायालाही सवय झाली आहे, तर भागीरथाबाई, बाकीचं काही, म्हणजे भांडी वगैरे...

"भांड्याले तुमची कौशल्या हाय," त्या म्हणाल्या. "तिचं काम मी काहून घेऊ?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मले समजलं, साहेब. उद्यापासून नाही येत मी. आज फक्त काकूले मी चारतो."

साहेबांनी ताट वाढलं. भागीरथाबाई आत गेल्या. आतून माया काकूंचा आवाज आला, "भागी," एवढाच. मग बराच वेळ वाटीला चमचा लागल्याचे आवाज, मध्ये भागीरथाबाईंचं काहीतरी चाललेलं, वस्तीतल्या कुणाच्या तरी बकरीनं पोलिसाची टोपी खाल्ल्याचं, आणि ते घशातलं खरखरतं हसू. ठसका एकदाही आला नाही.

रिकामं ताट घेऊन त्या बाहेर आल्या. साहेबांनी न विचारताच त्यांनी सांगितलं, "अख्खी खाल्ली." साहेब मान हलवून खिडकीकडे वळले. मी घाईघाईनं नळ सोडला.

ते घर गेलं ते गेलंच. नवी घरं मिळायला पुढे दिवाळी उजाडावी लागली. मधल्या महिन्यांत त्या सकाळी बाजारात भाजीच्या गाड्यावर बसत. त्याबद्दल त्या तक्रार करत नाहीत, कौतुकही करून घेत नाहीत. साहेबांचं नाव काढलं तर एवढंच म्हणतात की हात बरा हाय त्याहिचा, पण पोळपाटावर पीठ लय सांडते.

त्या दिवशी घरी पोचल्या तेव्हा रागिणी दारातच बसली होती. तिनं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"गेलं ना घर?"

"गेलं."

"मी म्हनलं होतं तुले."

"म्हनली होती." भागीरथाबाईंनी चपला काढल्या, हात धुतले. "काकूनं आज अख्खी पोयी खाल्ली. हनुवटीपर्यंत वरन लागलं होतं."

रागिणीचा राग आईवर नव्हता, हे तिलाही कळत होतं, पण तो ठेवायला दुसरी जागा नव्हती. मग तिनं विचारलं, "चांगली होती का मंग, सायबाची पोयी?"

भागीरथाबाईंनी विचार केला. खोटं त्यांना याही वेळी बोलवलं नाही.

"माह्यासारखी नाही," त्या म्हणाल्या. "पन खाल्ली तिनं."